खालून फुटणारा ज्वालामुखी

बातम्या दुसऱ्या दिवशी रद्दीत जातात. ज्या छापून येत नाहीत, त्या मात्र माळ्यावरच्या सामानासारख्या साचत राहतात. एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात! स्टील प्लांटच्या वसाहतीतल्या आमच्या सेक्टर २ मधल्या शेजाऱ्यांचा, मेश्रामांचा, ज्वालामुखी त्यातलाच. ‘यात बातमी काय?’ असं म्हणून संपादकांनी तो छापला नाही. ऐका, आणि तुम्हीच सांगा.

*

मेश्रामकाका सगळी नोकरी ब्लास्ट फर्नेसवर, लोखंड वितळवायच्या भट्टीवर, काढून रिटायर झालेले. प्रेसच्या पासवर मी ती भट्टी कित्येकदा पाहिली. काकूंनी एकदाही नाही.

‘कशी असते जी तुमची भट्टी?’ हे काकू लग्न झाल्यापासून विचारत आल्या. काकांचं उत्तर ठरलेलं. ‘चुलीसारखी. मोठी.’

मला याचा भयंकर राग यायचा. ठिणग्यांनी भोकं पडलेले कपडे जिनं जन्मभर धुतले, तिला सांगायचं काय, तर चूल!

*

त्यांची नात पल्लवी सातवीत. शाळेच्या सायन्स एक्झिबिशनसाठी तिला ज्वालामुखी करायचा होता. तिचा बाप म्हणाला, ‘रेडीमेड मिलता है, ले आते हैं.’

मी तिथेच चहा पीत होते. कप खाली ठेवला. ‘उद्या परीक्षेलाही रेडीमेड पोरगी पाठवणार का?’

बाप गुपचूप मैदा आणायला गेला.

*

मैदा मळायला काकू बसल्या.

‘आजी, नमक टाक ना, भरपूर! हे खाचं नाही.’

‘खाचं नाही तं कावून मळून राहिली मी?’

हाताच्या सवयीनं त्यांनी तेल लावून असा लुसलुशीत गोळा केला, की प्लास्टिकच्या बाटलीभोवती रचलेला डोंगर पाहता पाहता खाली बसला.

‘ज्वालामुखीची पोळी झाली!’ पल्लवी किंचाळली.

दुसरा गोळा घट्ट मळला. तो उभा राहिला.

*

मग काका आले. डोंगराभोवती एक चक्कर मारली. ‘तोंड वर कावून? भट्टीतला माल खालून निंगते.’

कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी वरचं तोंड लिंपून टाकलं, व्हिनेगर ओतायला तेवढी बारीक नळी ठेवली. स्क्रूड्रायव्हर गरम करून बाटलीला बुडाशी भोक पाडलं, ते कणकेनं बुजवलं आणि पुढे कणकेचीच एक नाली वळवली.

पल्लवी रडकुंडीला आली. ‘आबा, ज्वालामुखी वरून फुटते!’

‘ज्याले गरम माल सांभाळता येत नाही, त्याचा वरून फुटते. आमचा कधी फुटला नाही!’

*

निकाल आधीच सांगून टाकते. नंबर आला नाही. परीक्षक म्हणाले, ‘ये तो उल्टा है.’ मी त्यांच्याशी पार्किंगपर्यंत भांडले. पण हॉलमध्ये जे झालं, ते कुठल्या निकालात बसणारं नव्हतं.

टेबलाभोवती बरेच आजोबा जमले होते, सगळे प्लांटमधून रिटायर झालेले. पल्लवीनं सोड्यावर लाल व्हिनेगर ओतलं. काका गरजले, ‘बाजू व्हा!’ आणि बुडाचा गोळा उपटला.

लाल फेस उसळून नालीतून धावला. सगळे आजोबा एकदम एक पाऊल मागे सरले. एकानं तर डोळ्यांवर हात धरला! परीक्षक तेवढे हसत पुढे उभे राहिले. त्यांचे बूट लाल झाले.

काकू हसल्या नाहीत. नालीकडे बघत राहिल्या. ‘हे असं निंगे?’

‘असंच. ते पांढरं लाल. हे थंडं आहे.’

‘अन् तुमी कुठी उभे राहा?’

काकांनी हातातल्या गोळ्याचा एक माणूस वळला, अंगठ्याएवढा, आणि नालीच्या अगदी काठावर उभा केला. मी भट्टी नेहमी रेलिंगमागून पाहिली होती.

काकू वाकल्या. तो माणूस दोन बोटांनी हलकेच उचलला आणि वीतभर मागे ठेवला.