माझ्या हातचं चॉकलेट

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोला अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं तिलाही माहीत नाही – आणि तेच जास्त वाईट आहे.

मी इंदापुरात एका कचेरीत कारकून आहे. चारचौघांत फारसा बोलत नाही. पण एक गोष्ट मला येते, आणि फार चांगली येते – हे आधीच लिहून टाकतो, लाजण्यासारखं पुढं आहेच. चॉकलेट कॉबलर म्हणतात त्याला. मुलीनं पुण्याहून ओव्हन आणला, फोनवर व्हिडिओ दाखवला आणि ती नोकरीवर परत गेली. ओव्हन माझ्या वाट्याला आला. मैदा, कोको, साखर, दूध, तेल घट्टसर कालवून काचेच्या भांड्यात पसरायचं. वरून कोको आणि गूळपावडर भुरभुरायची. मग उकळतं पाणी सोडायचं, चमच्याच्या पाठीवरून, हळू – आणि हात मागं घ्यायचा. हलवायचं नाही.

सगळं तिथंच आहे. बघणाऱ्याला वाटतं, वाटोळं झालं, नुसता चिखल दिसतो. पण ओव्हनमध्ये पाणी खाली उतरतं, केक वर येतो, आणि चमचा घातला की तळातून काळाभोर, दाट रस वर येतो. आमच्या घरांत पिठावर गरम पाणी पडलं की हात आपोआप फिरायला लागतो – पिठलं हाटायची सवय, नाहीतर गुठळ्या. तो हात आवरायला मी शिकलो. पहिली दोन-तीन भांडी बिघडली तेव्हा कुठं. मग एकही बिघडलं नाही. गुळाची पावडर घालायची युक्तीसुद्धा माझीच, व्हिडिओत नव्हती.

मग लपवलं कशाला?

भाऊबीजेला माझा मेव्हणा बापू आला. दोन वाट्या चाटूनपुसून खाल्ल्या आणि म्हणाला, "आक्का, ह्ये तू केलंस व्हय?" माझी बायको सुनंदा तोंड उघडणार, तोवर मीच बोलून गेलो, "मग? घरात दुसरं कोण करणार?" तिनं माझ्याकडं पाहिलं, हसली, आणि वाट्या उचलून आत गेली. इतकंच. एवढंसं.

पुरुषानं केक करायचा, याची लाज वाटली म्हणू का? तेही खरं नाही. माझे आजोबा एकटे मेंढरांमागं असले की तीन दगडांवर स्वतः भाकरी भाजून खायचे, आणि गावाला सांगायचे की माझ्यासारखी कुणाची फुगत नाही. त्यांना कधी लाज वाटली नाही. मला लाज वाटेल, याची नुसती भीती वाटली. त्यानंतर सुनंदाच्या माहेरी, कन्हेरीला, काहीही कार्य असलं की निरोप यायचा – आक्काला म्हणावं चॉकलेट आण. मी सकाळी उठून करायचो, ती मांडीवर भांडं धरून गाडीत बसायची. तिथं बायका तिचं कौतुक करायच्या आणि मी पुरुषांत बसून, ऊस-पाण्याच्या गप्पांत मान हलवत, कान तिकडं लावायचो. प्रत्येक शब्द माझा होता. मला तो फार गोड लागायचा – खोटं कशाला बोलू?

मग बापूनं नवं घर बांधलं. वास्तुशांतीला गेलो तर नव्या स्वयंपाकघरात नवा ओव्हन. सुनंदाच्या थोरल्या वहिनींनी सगळं सामान आणून ठेवलेलं. "सुनंदाबाई, आज आमच्या म्होरं करा. आमीबी शिकू की!" तिनं नाही-नाही केलं. कुणी ऐकतंय? पदर खोचून उभी राहिली बिचारी. मला करताना तिनं पुष्कळदा पाहिलं होतं – पण येता-जाता. बघणं निराळं.

थोड्या वेळानं ती आम्हा पुरुषांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन ओसरीवर आली. माझ्यापुढं वाकली आणि अगदी हळू विचारलं, "पाणी घातल्यावर हलवायचं का?"

एक शब्द. 'नाही' एवढाच. मला तो हळूही म्हणता आला असता.

शेजारी बापूचे सासरे तात्या बसलेले, त्यांनी मान वळवली. आणि मी – मोठ्यानं, हसून – म्हणालो, "मला काय विचारतीस? मला काय कळतंय त्यातलं?"

सगळे हसले. तात्या म्हणाले, "दाजी, तुमाला खायचं तेवढं कळतंय!" सुनंदा तांब्या ठेवून आत गेली.

तिनं हलवलं. कुणीही हलवलं असतं. ओव्हनमधून जे निघालं ते ना केक, ना रस – चिकट, मातकट रबडं. आतून थोरल्या वहिनींचा आवाज आला, "अगं बया, ही तर खळ हाय! पत्रिका चिकटवायला व्हील." हशा झाला. मग कुणीतरी विचारलं, "मंग इतकी वर्सं कुठल्या बेकरीतनं आणत हुता, सुनंदाबाई?" आणि या वेळचा हशा निराळा होता. तो मी ओळखला. ती काय उत्तर देते ते ऐकत राहिलो. माझं नाव सांगेल, असं वाटलं. तिनं नाही सांगितलं. तिच्या भावाच्या घरात, तिच्या माणसांसमोर, ती खोटी ठरली. मी उठलो नाही. समोरची सुपारी उचलून तोंडात टाकली.

परतताना गाडीत तिनं एवढंच विचारलं, "हलवायचं नसतं ना?"

"नसतं," मी म्हणालो.

भित्रेपणा केला, एवढंच असतं तर हे लिहायला इतकी वर्षं लागली नसती. भित्री माणसं पुष्कळ असतात. पण तो हशा ऐकू आला, त्या क्षणी माझ्या मनात काय आलं? तिची दया? नाही. भीतीही नंतर आली. आधी छाती फुगली. वाटलं – बघा! माझ्याशिवाय जमत नाही. सामान तेच, ओव्हन माझ्यापेक्षा भारी, आणि तरी जमलं नाही. लोक माझ्या बायकोला हसत होते आणि मी ओसरीवर बसून आत कुठंतरी – कसं सांगू – खूश होतो. अभिमानानं. तिनं विचारलं तेव्हा 'नाही' हा शब्द माझ्या जिभेवर का आला नाही, हे मला त्या क्षणी कळलं. मला तो द्यायचाच नव्हता. ती एक गोष्ट माझी होती.

माहेरची पोरं तिला अजून बेकरीवाली आत्या म्हणतात. तीही हसते. कन्हेरीला जाताना आता ती दुकानातून पेढे घेते आणि खोक्यासकट नेते, दुकानाचं नाव वर दिसेल असं धरून. स्वतःच्या हातची चटणीसुद्धा तिनं नेणं सोडलं आहे. बापूला मी फोन करू शकलो असतो, कुठल्याही दिवशी. केला नाही.

चॉकलेट मी आजही करतो, घरापुरतं. पूर्वीपेक्षा चांगलं होतं. सुनंदा वाटीभर घेते, तळातला रस चमच्यानं निपटून खाते आणि म्हणते, "आज फार छान झालंय." मला ते ऐकायला अजूनही आवडतं.