शेवटच्या कडव्यातलं नाव

दिवाळीनंतरचा तो आठवडा मी दुकान बंद ठेवून मंडया फिरलो. आमच्याकडे दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. आज या गावाची, उद्या त्या गावाची. शिंगाड्यांचे ढीग लागतात, पाहुणे येतात आणि भरदुपारी खडी गंमत उभी राहते. शाहीर, नाच्या, डफ, ढोलकी, तुणतुणं आणि मागे झील, म्हणजे शाहिराची ओळ, उचलून धरणारे चौघे. पडदा नाही, मंच असला तर असला. मला या गाण्याचं लहानपणापासून वेड. एखाद्या पार्टीचा डफ नीट तापवलाय की नाही, हे मी रस्त्यावरून चालत येतानाच सांगू शकतो.

पण त्या वर्षी मी हौसेने निघालो नव्हतो.

एक शाहीर होता, माझ्याच वयाचा. भंडारा-गोंदिया एकच जिल्हा होता तेव्हा मी त्याच्या पार्टीत झील धरायचो. एकदा मंडईत समोरच्या पार्टीने असा सवाल टाकला की याच्याजवळ जबाबाचं गाणं नव्हतं. रातोरात मी गाणं रचलं. माग चालवणाऱ्या बाईचं गाणं. नवरा बाजाराला गेलेला आणि हिचं लुगडं काठापर्यंत येऊन थांबलेलं. आमच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात कर्त्याचं नाव येतं. शाहीर म्हणाला, तिथे नाव माझं राहील. मी म्हणालो, राहू दे, पण मला झिलीतून काढून तुझ्या बाजूला डफावर उभा कर. सौदा झाला. मी वीस वर्षांचा होतो आणि सगळ्या गावासमोर पुढे उभा राहणार होतो. मला वाटलं, जिंकलो.

पुढच्याच हंगामात माझं त्याच्याशी वाजलं आणि डफ आपटून मी पार्टी सोडली. डफ गेला, गाणं त्याच्याकडे राहिलं. नंतर मी सायकलवर लुगड्यांचे गठ्ठे बांधून आठवडी बाजार केले, विणकरांशी घासाघीस शिकलो आणि भंडाऱ्यात दुकान टाकलं. तसा सौदा पुन्हा कधी केला नाही. पण कुठल्याही गावात गेलो की कुणीतरी ते गाणं गुणगुणायचं आणि शेवटी त्याचं नाव घ्यायचं. लुगडं घ्यायला आलेली बाईसुद्धा. मी तिला एक पैसा सोडत नसे.

त्या वर्षी कळलं की त्याचा गळा गेला. डॉक्टरने गाणं बंद करायला सांगितलं होतं. या हंगामाच्या मंडया करून तो थांबणार होता. ते गाणं कुठे लिहिलेलं नाही, छापलेलं नाही. त्याने शेवटचं जसं गायलं, तसंच ते लोकांच्या तोंडी राहणार. एकदा तरी त्याने शेवटच्या कडव्यात माझं नाव घ्यावं, एवढंच मला हवं होतं.

सोमवारी आसगावला गेलो. बसमध्ये उभा राहूनच. आजूबाजूला धानाची कापणी चाललेली, तरी माणूस भरपूर. गण झाला, गवळण झाली. त्याचा आवाज वरच्या पट्टीत जाताना चरा पडल्यासारखा फाटत होता. माझं गाणं त्याने घेतलंच नाही. भेटायला जावं म्हणून पुढे सरकलो, तर लोक त्याच्या पाया पडत होते. ते पाहून डोकं तापलं आणि मी तसाच परतलो.

मंगळवारी शहापूरला दुसरीच पार्टी होती. पोरांनी पेटीच्या जागी कीबोर्ड आणला होता, पण गाणी स्वतःची रचलेली. त्यातलं एक बरं होतं. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज आणि लाउडस्पीकर यांत बाकीचं हरवलं. मी शेवटपर्यंत उभा राहिलो. ऐकायला आलेला माणूस अर्ध्यावरून उठला की गाणाऱ्याला काय होतं, ते मला ठाऊक आहे.

बुधवारी पाय सुजले. बायको गरम पाण्याची बादली समोर ठेवून म्हणाली, "लग्नसराईचा माल येऊन पडला, अन् तुम्ही दुकानाले कुलूप लावून कायले फिरून राहिले जी?"

"गाणं ऐकाले."

"गाणं ऐकणाऱ्याचं तोंड असं राहते? भांडाले चालले तुम्ही. इतक्या वर्सात एक नाव भुलता आलं नाही तुमाले."

"माहं नाव आहे ते."

"दुकानावर आहे नं लिहिलेलं मोठ्ठं."

यावर मी चिडलो, बादलीतलं पाणी सांडलं आणि पुसावंही मलाच लागलं.

गुरुवारी मोहाडीत तो चहाच्या टपरीवर सापडला. गळ्याला मफलर, पुढ्यात हळद घातलेलं गरम पाणी. मला पाहून त्याने बाकावर जागा केली.

"ये बे. सोमवारी आसगावले दिसला होता. मागं उभा राहून मोठा खुन्नस देऊन राहिला होता."

मी इकडचं तिकडचं न बोलता मुद्द्यावर आलो. रविवारी शेवटच्या मंडईत गाणं घ्यायचं आणि नाव माझं.

"अन् माहं काय?" तो म्हणाला.

"तुहं? तीस वर्सं खाल्लं नं माह्या गाण्यावर!"

"खाल्लं म्हणते! माह्या बायकोले विचार, काय खाल्लं तं." तो हसता हसता खोकला. बराच वेळ खोकला. "अरे, तुहं नाव बसत नाही त्या चालीत. लांब आहे."

मी याच्यासाठीच तयारीने आलो होतो. एक शब्द काढून, एक मागे सरकवून, नाव बसवून आणलं होतं. टेबलावर बोटांनी ठेका धरून मी त्याला ते म्हणून दाखवलं. तो डोळे मिटून ऐकत होता. मग म्हणाला, "बसलं बाप्पा. साजरं बसलं. घेतो इतवारी."

इतक्या सहज तो कबूल होईल असं वाटलं नव्हतं. मला आणखी घासाघीस करायची होती. इतक्या वर्षांचं बोलायचं साठलं होतं. पण समोरच्याने हो म्हटल्यावर बोलणार काय? त्याचं गरम पाणी निवलं होतं. मी दुसरं सांगितलं.

शुक्रवारी आणि शनिवारी मी त्याच्या मागे आणखी दोन गावं केली. गळा राखायचा म्हणून तो अर्धी गाणी नाच्याकडून म्हणवून घेत होता. मी झाडाखाली बसून ऐकलं. उन्हाने डोकं दुखत होतं आणि कधी एकदा रविवार येतो असं झालं होतं.

रविवारची मंडई मोहाडीजवळच्या एका गावी होती. शेवटची म्हणून लोक लांबून आलेले. तो माझंच गाणं घेऊन उभा राहिला आणि पहिल्या ओळीलाच लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी पुढे घुसून डफापासून चार हातांवर जागा धरली. तो बरा गायला. फाटलेला आवाज त्या बाईच्या गाण्याला उलट शोभला. शेवटचं कडवं आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि माझं नाव घेतलं. स्पष्ट, सगळ्या अक्षरांसकट.

मागून झील आली, ती त्याच्या नावाने. चौघांनी वर्षानुवर्षं तीच ओळ उचललेली. तोंडातून तेच निघालं. मंडईतल्या लोकांनीही तेच म्हटलं. दोन आवाज एकमेकांवर आदळले आणि ढोलकी अडखळली.

त्याने हात वर करून कडवं पुन्हा घेतलं. पुन्हा माझं नाव. पुन्हा झिलीत त्याचं.

पुढच्या रांगेतला एक म्हातारा ओरडला, "शाहीर बुढा झाला रे! सोताचंच नाव भुलला!"

सगळी मंडई हसली. नाच्यासुद्धा पदर तोंडाला लावून हसला. शाहिराच्या कपाळावर घाम दिसत होता. आमच्यात कडवं असं तुटकं सोडून उतरत नाहीत. झील जुळेपर्यंत घ्यावंच लागतं. आणि त्याच्या गळ्यात आता फार तर एकदाच म्हणण्याइतकं उरलं होतं. त्याने तिसऱ्यांदा श्वास घेतला. तो पुन्हा माझंच नाव घेणार होता. त्याच्या चेहऱ्यावरून मला ते कळलं.

मला राग आला. त्या म्हाताऱ्याचा, त्या चौघांचा, माझं गाणं असं रस्त्यात पडल्याचा. बाजारात लुगडी विकताना कमावलेला आवाज होता माझा. त्याने तोंड उघडायच्या आत मी ती ओळ जुन्या नावाने उचलली. झील लगेच जुळली, ढोलकी जागेवर आली, लोकांनी टाळ्यांवर ती ओळ चार वेळा फिरवली. तो डफ खाली घेऊन नुसता उभा होता.

नंतर तो माझ्याजवळ आला तेव्हा आवाज जवळजवळ बसलाच होता.

"दोनदा म्हणलो मी," तो म्हणाला.

"ऐकलं. त्या चौघाले आधी सांगाचं नाही काय?"

"मले वाटलं, तू सांगशील. सौदा तुहा होता."

बाजारात मी मालकाशी भाव ठरवला तरी त्याच्या गड्याशी आधी दोन शब्द बोलून घेतो. इथे तेवढंच राहिलं होतं. लोक त्याला फोटोसाठी ओढून घेऊन गेले आणि मी बसथांब्यावर जाऊन बसलो. समोर शिंगाडे विकणारी बाई सामान आवरत होती. आवरता आवरता तेच गाणं म्हणत होती. मी तिच्याकडून पावभर शिंगाडे घेतले. भाव विचारायचं राहूनच गेलं.