कॉफी शॉपमधला फेटा

बीडच्या मध्यवस्तीत, सुभाष रोडवरून आतल्या गल्लीत वळलं की मोबाइलच्या दुकानाच्या वर एक कॉफी शॉप होतं. अजूनही असेल. तिथल्या कॉफीत वाईट म्हणावं इतकीही धमक नव्हती. दूध पातळ, साखर ढीगभर, आणि ग्लासाच्या आतून चॉकलेटच्या पाकाचे ओघळ. पूर्वी तिथे पडदे लावलेले छोटे कप्पे होते आणि त्यात कॉलेजची पोरंपोरी बसायची. पोलिसांनी एकदा येऊन दम दिल्यावर मालकाने पडदे काढले, पण वरचे दांडे आणि कड्या तशाच ठेवल्या. पंखा फिरला की त्या कड्या हलायच्या.

मी तेव्हा बीडमध्ये खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होते. अभ्यासिकेत डोकं जड झालं की आम्ही मैत्रिणी तिथे जाऊन बसायचो, कारण जवळपास दुसरं असं ठिकाणच नव्हतं जिथे पोरींनी तासभर बसलं तर कुणी वळून बघत नाही. निदान आम्हाला तरी तसं वाटायचं.

माझ्यासाठी स्थळ आलं ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला. आईच्या लांबच्या मावसभावाला, म्हणजे माझ्या मामाला, सोयरिकी जुळवायचा भारी नाद. स्वतःच्या घरात बायको ऐकत नाही, पण तालुक्यातल्या पोरी उजवायचा मक्ता याच्याकडे. त्याने आष्टीकडचं मोठं घर आणलं. जमीन, गाड्या, मुलाचा काका राजकारणात. मामा म्हणाला, "आता जुना जमाना ऱ्हायला न्हाई. पोहे-बिहे कायी नकोत. पोरगा-पोरगी कॉफी पितेल, बोलतेल, मग बघू. दोनच मानसं येनार हायेत तिकडून."

माझी इच्छा नव्हती. परीक्षा तोंडावर होती. पण आबा, माझे वडील, म्हणाले, "नुसतं बघायला काय जातं? तुझ्या मनात नसलं तर हा इषय तितंच संपला." आबांच्या शब्दावर मी डोळे मिटून जायचे. चकलांब्याकडे आमची थोडी कपाशी आणि दोन म्हशी, पण गावात आबांच्या तोंडी कुणी लागत नसे. एक घाव दोन तुकडे असा त्यांचा स्वभाव. सरपंचाला भर ग्रामसभेत खोटारडा म्हणणारा माणूस एका स्थळाला नाही म्हणायला किती वेळ लावणार?

आबा दुपारी मोटारसायकलवर गावाहून आले. मामा जिन्यापाशी वाट बघत उभा होता. वर गेलो तर मुलगा आधीच खिडकीपाशी बसलेला. पांढरा शर्ट, व्यवस्थित भांग, उठून आबांच्या पाया पडला. मामाने लगेच माझ्याकडे 'बघ' अशा नजरेने पाहिलं. मोठी माणसं गल्ल्याजवळच्या टेबलावर बसली आणि मी खिडकीपाशी त्याच्यासमोर. शेजारच्या टेबलावर कॉलेजच्या दोन मुली खिदळत होत्या. त्या होत्या म्हणून मला बरं वाटलं.

कुणी काही मागवलं नव्हतं तरी मालक स्वतः दोन ग्लास घेऊन आला. कोल्ड कॉफी, वर आईस्क्रीमचा गोळा.

"तुमी हीच पिता ना?" मुलगा म्हणाला.

मी म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"म्हाईत असतं." तो हसला. "मंगळवारी तुमी अभ्यासिकेतून लवकर निघता. खोलीवर जायला मागच्या गल्लीतून जाता, ती गल्ली बरी न्हाई. पुढून जात जा."

हे तो इतक्या काळजीने बोलला की मला आधी रागच आला नाही. मग एकेक शब्द खाली बसला तसं अंगावर काटा आला. म्हणजे हे स्थळ आत्ता येत नव्हतं. ते कधीपासून माझ्या मागे मागे चालत होतं, आणि मी आपली कानात वायर घालून इतिहासाच्या सनावळ्या पाठ करत त्याच्या पुढे चालत होते.

"कावून पन?" माझ्या तोंडून गावाकडचंच निघालं. "माझ्यावर नजर ठेवायला कुनी सांगितलं तुमाला?"

"आपल्या मानसावर लक्ष ठेवावंच लागतं."

"मी अजून तुमची न्हाई झाले."

टेबलावरचा माझा फोन त्याने उचलला, पालथा घातला आणि स्वतःच्या बाजूला सरकवून ठेवला. आवाज नाही, घाई नाही, आपल्याच घरातली वस्तू जागेवर ठेवावी तसं. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते मी तेव्हा पहिल्यांदा समोर बसलेलं बघितलं. मी हात लांब करून फोन परत ओढून घेतला आणि सरळ विचारलं, "अन् मी न्हाई म्हनले तर?"

"तुमी न्हाई कशाला म्हनताल?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात धमकी असती तर बरं झालं असतं. त्याला खरोखर कळत नव्हतं की असं कुणी का म्हणेल.

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एक माणूस आला, दाराजवळच्या खुर्चीवर बसला. मग दोघं आले. मग आणखी काही. पांढरे कपडे, पायात जाड चपला, काहीही न मागवता प्रत्येक टेबलावर एकेक जण बसत गेला. पुढारी यायच्या आधी त्याची माणसं जागा धरतात, तसं. शेजारच्या मुलींचं खिदळणं थांबलं. अर्धे ग्लास तसेच टाकून त्या पर्स उचलून निघाल्या आणि जाताना त्यातल्या एकीने माझ्याकडे पाहिलं. मला तिला थांब म्हणावंसं वाटलं. ओळख ना पाळख, पण आपली दुसरी कुणीच नाही असं त्या क्षणी वाटलं.

मालकाने टीव्ही बंद केला. मग दाराचं शटर अर्ध्यापर्यंत खाली ओढलं.

"ऊन लई येतंय," तो कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला. त्या जिन्यावर ऊन कधीच येत नाही. भर दुपारी तिथे दिवा लावावा लागतो.

शेवटी मुलाचे काका आले. शटरखालून वाकून आले तरी त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हललं नाही. मागे एकाच्या हातात पिशवी, दुसऱ्याच्या गळ्यात कॅमेरा. काकांनी आबांना मिठी मारली, 'आमचं भाग्य' वगैरे म्हणाले, आणि पिशवीतून नारळ, शाल आणि भगवा फेटा बाहेर आला.

इथे आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. बीडकडे सत्कार ही साथ आहे. बोअरला पाणी लागलं, सत्कार. सोसायटीचा चेअरमन झाला, सत्कार. चेअरमनकी गेली, तरी निरोपाचा सत्कार. कुणी फेटा उलगडला की समोरच्या माणसाची मान आपोआप खाली जाते, नको म्हणणं हा फेट्याचा अपमान. पण सोयरिकीच्या बैठकीत मुलाकडच्यांनी पोरीच्या बापाला फेटा बांधला आणि त्याने तो बांधून घेतला, तर सुपारी फुटली असंच समजतात. मग जो मागे फिरेल त्याने भर चारचौघांत दिलेला शब्द मोडला. लहान पोरालाही हे ठाऊक असतं.

आबांनाही ठाऊक होतं. पण आयुष्यभर ज्या मानेला ती सवय, ती मान विचार करायला थांबत नाही. मी इकडून ओरडणार तोवर आबांनी टोपी काढली आणि डोकं खाली केलं. फेटा बांधणारा सराईत होता. दोन वेढे बसल्यावर आबांचे डोळे एकदम मोठे झाले. त्यांना आत्ता कळलं. हात वर गेला, पण काकांनी तो हात मधेच आपल्या दोन्ही हातांत धरला आणि फोटोवाल्याकडे तोंड केलं. फोटो निघाले. टाळ्या वाजल्या. माझ्यासमोरचा मुलगा शांतपणे कॉफी ओढत होता.

मी उठले. खुर्ची मागे पडली. सगळ्यांमधून वाट काढत आबांपुढे गेले आणि म्हटलं, "आबा, मला हे..."

पुढचा शब्द निघालाच नाही. काकांनी पुढे केलेल्या खोक्यातला पेढा उचलून आबांनी माझ्या तोंडात घातला. अख्खा. दाबून. ज्या माणसाच्या जिवावर मी त्या जिन्याच्या पायऱ्या चढले होते, त्यानेच माझं तोंड बंद केलं. मला त्या क्षणी आबांचा इतका तिरस्कार वाटला की पेढा त्यांच्या अंगावर थुंकावा. मग मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. आबा हसत होते, फोटोसाठी हसतात तसे, आणि घाबरलेले होते. माझ्या बापाला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी पेढा गिळला.

खाली येईपर्यंत मामाचा फोन अभिनंदनाने वाजायला लागला होता. फोटो आमच्या आधी गावात पोचला. आबा म्हणाले, "बस मागं," आणि मोटारसायकल चालू केली. खोलीवर जाऊन माझे कपडे घेऊ असंही म्हणाले नाहीत. गेवराईच्या रस्त्याला लागलो तेव्हा मागे पांढरी गाडी होती. आम्ही हळू झालो की ती हळू व्हायची. आबांनी डोक्यावरचा फेटा काढला नाही. त्याचा शेमला वाऱ्याने माझ्या तोंडावर आपटत होता आणि मी रडत होते. "कावून बांधून घेतला? कावून?" असं त्यांच्या पाठीला विचारत होते.

गेवराईच्या पुढे गाडी एकदाची मागे वळली. आबांनी आणखी थोडं अंतर काटलं, मग एका बाभळीखाली मोटारसायकल उभी केली. फेटा उलगडायला लागले तर हातांना जमेना. मीच काढला.

"तितं न्हाई म्हनलं असतं बाई, तर त्यांनी तुला खाली उतरू दिलं असतं का?" ते म्हणाले. "शटर बघितलं न्हाईस का तू?"

मी शटर बघितलं होतं. आबाही बघत होते हे मला कळलं नव्हतं.

"पहाटंच्या यष्टीनं पुण्याला मावशीकडं जा. तू तितं पोचली की फोन कर. मग मी जातो अन् फेटा देतो वापस."

मी पुण्याला पोचले आणि फोन केला. आबा त्याच दिवशी एकटे आष्टीकडे गेले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. आई एवढंच म्हणाली की, 'च्या पाजून लावून दिलं, वर नीट जा म्हनले.' मामाने आमच्याशी बोलणं सोडलं. माझी परीक्षा हुकली. पुढे पुण्यातच एका ऑफिसात नोकरी लागली आणि मी इथेच राहिले. नीट चाललंय. कॉफी चांगली मिळते, पण अनोळखी माणूस समोर बसला की मी उठून जागा बदलते.

गावाकडे जायचं ठरवलं की आबा काहीतरी कारण काढायचे. पाऊस लई हाय. आईच येतीया तिकडं. यंदा दिवाळीच्या आधी मी तिकीटच काढलं आणि मग फोन केला. आबांनी आधी तिकीट कितीला पडलं ते विचारलं. मग म्हणाले, "नको येऊ."

"ते तरास देतेत का आबा? खरं सांगा."

"न्हाई गं. काईच करत न्हाईत," आबा म्हणाले. "सकाळी मी रानात निघालो की ती पांढरी गाडी थांबती. काच खाली घेतेत, राम राम घालतेत, अन् इचारतेत, पोरगी कवा येनार हाय. मी म्हनतो, न्हाई येनार. बरं म्हनतेत अन् जातेत."

"रोज?"

"रोज," आबा म्हणाले, आणि आईने औषधासाठी हाक मारली म्हणून फोन ठेवून दिला.