विनायकचे चार पास

मोसमाआधीचा सराव सामना कधीच हातातून गेला होता. शेवटची सहा मिनिटं उरली, तेव्हा कोचनं बाकावरच्या पाच जणांना कोर्टवर सोडलं. त्यातल्या कोणाला संघात ठेवायचं हे ठरवण्यासाठी त्यांच्या खेळाची नोंद मी करत होतो.

चौघं जण चेंडू हाती आला की सरळ बास्केटकडे फेकत होते. एकटा विनायक, तिशी उलटलेला, मोकळा गडी बघून पास देत होता. चार पास दिले, चारही देखणे. चारही वेळा पुढच्याचा नेम चुकला. आमच्या तक्त्यात मात्र बास्केट झाली तरच पास धरतात. हा नियम कोणी केला, देव जाणे.

माझ्या थोरल्या भावानं स्वतःची शाळा सोडून, कामाला लागून मला खेळायला पाठवलं. मी काही मोठा खेळाडू झालो नाही. मग त्याचं शाळा सोडणंही कुणी धरलं नाही. मीसुद्धा नाही.

खांद्यावर टॉवेल टाकून विनायक जवळ आला. "सर, कसं झालं?"

"छान खेळलास," मी म्हणालो, आणि त्याच्या नावापुढचं शून्य तसंच ठेवून तक्ता कोचच्या हातात दिला.