बारा ठप्पे

बुऱ्हाणपूरजवळच्या आमच्या नगर परिषदेत पंधरा पार्षद, म्हणजे नगरसेवक, आहेत. त्यातले तेरा सत्ताधारी पक्षाचे, म्हणजे आमचे. अध्यक्षाबाईही आमच्याच. त्यांना खाली उतरवायचं पक्षातच ठरलं तेव्हा तीन-चतुर्थांश मतं लागत होती, म्हणजे बारा. विरोधातले दोघे लांबून मजा बघणार होते. तेव्हा बाईंना सोडून आमचे सगळेच्या सगळे लागणार होते. एकीचीच खात्री नव्हती, आणि ती माझी बायको होती.

बाईंचा गुन्हा एवढाच की नवरा वारल्यावर त्या स्वतः खुर्चीवर बसू लागल्या. तो होता तोवर परिषद तोच चालवायचा. आमच्या बाकीच्या सात महिला पार्षदांचं कामही आम्ही सात नवरेच बघतो, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. बाई मात्र नव्या पाण्याच्या टाकीवर मोजायची फीत घेऊन शिडीने चढल्या. घेतलेली मापं माझ्याकडे आणली, कारण मी बुऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्याच्या एका शाळेत गणित शिकवतो. मी दोनदा ताडून पाहिलं. भिंतीची जाडी नकाशातल्यापेक्षा दोन इंच कमी होती. तसं त्यांना सांगितलंही.

आठवड्याभरात पक्षाचे शहराध्यक्ष घरी आले. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. "सर, आपल्याला सही करणारी बाई पाहिजे होती," ते म्हणाले, "ही तर वाचायला लागली." पुढची अध्यक्षा म्हणून त्यांनी माझ्या बायकोचं नाव घेतलं. त्यानंतर दोन इंचांचा विषय मी कुणाकडे काढला नाही.

मतदानाआधी तीन दिवस बाराही जणांना तुकईथड गावाकडच्या एका केळीच्या मळ्यात नेऊन ठेवलं. आम्ही नवरेही होतो. मोबाइल काढून घेतले, केळीच्या क्रेटमध्ये टाकले आणि क्रेट भाऊंच्या खाटेखाली ठेवला. पाच पुरुष पार्षद पत्ते खेळायचे, बाया पोळ्या लाटायच्या.

"मतदान गुप्त असतं," भाऊ म्हणाले. "आत कुणी काय केलं, कसं कळायचं?"

उपाय मी सुचवला. चिठ्ठीवर 'प्रस्तावाच्या बाजूने' असा एक चौकोन असतो, ठप्पा त्यात कुठेही मारला तरी चालतो. मी चौकोनाचे बारा भाग पाडले आणि प्रत्येकाला एक जागा दिली. जी जागा रिकामी राहील, तिचा माणूस फुटला. माझ्या बायकोला उजवीकडचा खालचा कोपरा दिला.

मग सराव घेतला. शाळेतलं स्टॅम्पपॅड मी बरोबर आणलं होतं.

"तिचा नवरा गेला तेव्हा तेरा दिवस मी तिच्या घरी निजले," बायको हळूच म्हणाली. "मला नाही जमायचं हे."

"जमेल. कोपराच तर आहे."

"आणि हात हलला तर, अहो?"

"हलला तर मला कळेल," मी म्हणालो. "भाऊंनाही कळेल. मार पुन्हा."

तिने अकरा वेळा मारला. शेवटचे चार बरोबर बसले.

मतदानाच्या दिवशी आम्ही नवरे व्हरांड्यात उभे होतो. आत अधिकाऱ्याने एकेक चिठ्ठी उघडून सगळ्यांना दाखवली. आमचा एक पार्षद बाईंच्या देखत माझ्या आकृतीवर खुणा करत होता. बाजूने बारा, विरोधात एक. विरोधी पक्षाचे दोघे आलेच नाहीत.

बाई बाहेर आल्या तेव्हा शिपाई त्यांच्या नावाची पाटी काढत होता. भाऊ मोठ्याने म्हणाले, "भाभीजी, आता रोज चढा टाकीवर! टाइमच टाइम आहे!" लोक हसले. मीही हसलो.

त्या थेट माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"सर, बारा चिठ्ठ्या आणि बारा जागा. एकही ठप्पा दुसऱ्याच्या जागेवर नाही. आमच्या पक्षात इतकं नीट काम दुसऱ्या कुणाला येत नाही."



मग त्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. "तुझा कोणता होता गं?"

बायको जमिनीकडे बघत राहिली. बाईंनी परिषदेच्या गाडीची किल्ली शिपायाच्या हातात दिली आणि भर उन्हात चालत निघाल्या.

बायको त्यांच्या मागे निघाली. दोन पावलं गेली असेल, मी तिचं मनगट धरलं. हार आले होते, पेपरवाला कॅमेरा घेऊन उभा होता आणि भाऊ सगळ्यांना पायऱ्यांवर बोलवत होते.

"भरले ना तुमचे बारा?" ती म्हणाली. "आता तरी हात सोडा."

"फोटो होऊ दे," मी म्हणालो.

बाई वळणावरून दिसेनाशा होईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही.