हिरवी खूण

डिझायनर धारला, मी देवासला. मधे अख्खं इंदूर होतं म्हणून तो वाचला, नाहीतर मी त्याचा गळाच धरला असता.

मंडीत सोयाबीन विकणाऱ्यांनी घरूनच नंबर लावावा, म्हणून आम्ही अॅप बनवत होतो. तो स्क्रीनची चित्रं पाठवायचा, मी ती चालती करायची. बटण दाबलं की हिरवी खूण, 'नंबर लागला'. मी फोन केला, "नेट गेलं आणि नंबर लागलाच नाही, तर काय दाखवू?"

"भिया, तू कोड लिही. डिझाइन मेरे पे छोड़."

डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, घे मग, तू काढलंयस तेच मिळेल. नेट असो नसो, बटण दाबलं की हिरवी खूण.

अॅप सुरू झालं त्या पहिल्याच दिवशी आमच्या कंपनीच्या शेठनं दोघांना धारच्या मंडीत उभं केलं. फाटकासमोर ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. सगळ्यांच्या फोनवर हिरवी खूण, आणि निम्म्यांचे नंबर यादीत नाहीत. लोक शिव्या देत होते आणि आम्ही दोघं तिथेच एकमेकांवर धावून गेलो. मी त्याची कॉलर धरली, त्यानं माझ्या पोटात गुद्दा घातला. "तूने बनाया!" "तू काढलंस!"

तेवढ्यात तिरला गावचा एक शेतकरी काठी घेऊन ट्रॅक्टरवरून उतरला. सकाळपासून उन्हात उभा होता बिचारा. काठी डिझायनरच्या डोळ्यावर बसली. त्याचा चेहरा रक्तानं भरला. ते पाहून मारणाराच घाबरला आणि त्यानंच आम्हा दोघांना ट्रॉलीत घालून दवाखान्यात नेलं. वाटेत डिझायनर एकच बडबडत होता, "डोळा गेला का रे? सांग ना, गेला का?" मी मनातून फार भ्यालो होतो.

डोळा वाचला. भुवईला टाके पडले. पट्टी बांधून झाल्यावर तो म्हणाला, "त्या दिवशी काय विचारत होतास?"

"नेट गेलं तर?"

त्यानं डॉक्टरांचं पेन मागून औषधाच्या खोक्यावर चौकट काढली. आत लिहिलं, 'नंबर लागला नाही. घरून निघू नका.'

मी विचारलं, "लाल करू?"

"लाल. आणि हिंदीत."

बाहेर शेतकरी पायऱ्यांवर बसला होता. मी त्याला खोका दाखवला आणि काय लिहिलंय ते सांगितलं.

"बस, इत्तो ई लिखणो थो?"

'हो, एवढंच,' म्हणून मी मान डोलावली. त्यानं उठून माझ्या कानाखाली अशी वाजवली की मी भिंतीला टेकलो. मी हात उचलला नाही.