सापडत नसलेला मैलाचा दगड

आमच्या भागातल्या रस्त्याचे खड्डे बुजवणारा तो मैलकुली. मी तिथला नवा इंजिनिअर. मी किलोमीटर म्हटलं की तो मैलात उत्तर द्यायचा. जीपमध्ये बसवलं तरी बसायचा नाही. "सडक पायाला कळती," म्हणायचा.

त्या वर्षांत रस्ते रुंद आणि सरळ करायचं वेड आलं होतं. सिरसाळ्याच्या रस्त्यावरचे निजामाच्या वेळचे, उर्दू आकडे कोरलेले मैलाचे दगड ठेकेदाराने फोडून भरावात घातले. शेवटचा दगड मात्र फोडायच्या आधीच गायब झाला.

"दगड कुठंय? नोकरी घालवीन तुझी!" आमचे वरिष्ठ साहेब जीपमधूनच मैलकुलीवर ओरडले.

"सांगतो की. जुन्या सडकंनं पायी जा. जितं ती उगंच वळल्यावानी दिसती, तितं थांबा. कावून वळली त्ये हुडका. दगड तितंच हाय."

साहेबांनी मला पाठवलं. वळणावर शेळ्या राखणारी म्हातारी भेटली. "बैलान्ला पानी लागायचं बाबा, म्हनून सडक बारवंकडं नेली," ती म्हणाली. बाभळींमागे पायऱ्यांची कोरडी बारव होती. पायरीवर तो दगड धुऊन उभा केलेला. हा रस्ता मी कितीदा मोजला होता, पण ते वळण का, हे कधी विचारलं नव्हतं.

"सापडला नाही, साहेब," परत येऊन मी सांगितलं.

साहेबांनी मैलकुलीला तिथल्या तिथे बदली करून चकलांब्याच्या रस्त्यावर टाकलं.

"जातो की," तो ताठ मानेने म्हणाला. "तितं बी लई दगड हायत."